एडीचा बाप

मंडळी, मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवर किंवा पुण्यात एफसी रोडला टी-शर्ट धुंडाळत फिरला असाल तर ह्या गृहस्थांना तुम्ही नक्की पाहिलेलं आहे. काळा टी-शर्ट. त्यावर कवटीला घट्ट चिकटलेल्या कातडीचा एक सडका चेहरा, विचकलेले दात, डोळ्यांच्या खोबणीत चमकणारे ठिपके. आणि वर टोकदार अक्षरांत लिहिलेलं आयर्न मेडन. हा टी-शर्ट घालणाऱ्यांपैकी किती जणांनी ह्या बँडचं एक तरी गाणं पूर्ण ऐकलंय हा वेगळा विषय आहे. (विचारून बघा एकदा, मजा येते!) ह्या चेहऱ्याचं नाव एडी, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण एडी काढला कोणी, असं विचारलं की भले भले मेटलभक्त डोकं खाजवायला लागतात.

त्याचं नाव डेरेक रिग्ज. जन्म १३ फेब्रुवारी १९५८, इंग्लंडमधलं पोर्ट्समथ हे बंदराचं शहर. चित्रकला बरीचशी स्वतःची स्वतःच शिकलेला. १९८० ते १९९० ह्या काळात आयर्न मेडनचे आठ स्टुडिओ अल्बम आले, त्या आठही अल्बमची कव्हरं ह्या एका माणसाची. त्याशिवाय सिंगल्सची कव्हरं, लाइव्ह अल्बम, टूरची पोस्टरं, टी-शर्ट वगैरे वेगळंच. म्हणजे दहा-अकरा वर्षं हा माणूस एकाच पात्राला रंगवत बसला होता. ते पात्र जगभर गेलं, त्याच्याहून कितीतरी मोठं झालं, आणि त्याचं राहिलं नाही. हे कसं झालं आणि त्यात त्याने स्वतःपुरतं काय राखून ठेवलं, ते मला ह्या वीकेंडला लिहायचं आहे.

आधी थोडं कव्हरबद्दल, कारण माझ्या पिढीला त्याचं महत्त्व लवकर कळत नाही. आपल्याकडे अल्बमचं कव्हर म्हणजे मोबाईलच्या स्क्रीनवर नखाएवढा चौकोन. गाणं सुरू झालं की तो बघतंय कोण? १९८० मध्ये गाणी विकली जायची ती बारा इंची तबकडीवर. म्हणजे तिचं पाकीट झालं साधारण एक फूट लांब, एक फूट रुंद. उघडणारं पाकीट असेल तर त्याच्या दुप्पट. दुकानात रेकॉर्डी खोक्यात उभ्या लावलेल्या असायच्या आणि गिऱ्हाईक बोटांनी एकेक पुढे ढकलत बघायचं. हेवी मेटल रेडिओवर फारसं वाजायचं नाही. मग सोळा वर्षांच्या पोराने खिशातले मोजके पैसे कशाच्या भरवशावर घालायचे? तर ह्या एक फुटी चित्राच्या! बँडची जाहिरात म्हणा, ओळखपत्र म्हणा, जे काही होतं ते हेच. घरी आल्यावर रेकॉर्ड एका बाजूला वीस-बावीस मिनिटं वाजणार, आणि तेवढा वेळ ते पोरगं हातात पाकीट घेऊन चित्राचा कोपरा न् कोपरा बघत बसणार. हे रिग्जला पक्कं कळलं होतं. पुढे ह्याचा संबंध येणार आहे.

आता एडीचा जन्म.

आयर्न मेडन ही बँड पूर्व लंडनमधली, स्टीव्ह हॅरिस ह्या बास गिटार वाजवणाऱ्याने १९७५ मध्ये काढलेली. सुरुवातीच्या दिवसांत त्यांच्या स्टेजवर ड्रमवाल्याच्या मागे एक मुखवटा टांगलेला असायचा. डेव्ह लाइट्स नावाने ओळखला जाणारा त्यांचा दिवेवाला, त्याचं हे काम. माशांच्या टाकीला लावतात तो छोटा पंप त्याने मुखवट्याला जोडला होता, त्यातून कार्यक्रमाच्या शेवटी तोंडावाटे नकली रक्त निघायचं आणि ते थेट बिचाऱ्या ड्रमवाल्याच्या डोक्यावर! पूर्व लंडनच्या बोलीत 'हेड' शब्दातला 'ह' गिळून टाकतात. त्यामुळे 'हेड'चा झाला 'एड' आणि एडचा एडी. म्हणजे नाव आणि डोकं आधी तयार होतं. चेहरा नव्हता.

चेहरा वेगळीकडे तयार होऊन पडला होता. रिग्जने सत्तरीच्या दशकाच्या शेवटी एक चित्र काढलं होतं. रात्रीची वेळ, शहरातली गल्ली, विटांची भिंत, पिवळे दिवे, आणि समोर एक उभ्या केसांचा प्रेतासारखा पोरगा आपल्याकडे बघतोय. तेव्हा पंक संगीताची लाट होती, त्यामुळे केस पंकवाल्यांसारखे आखूड. चित्राचं नाव 'इलेक्ट्रिक मॅथ्यू सेज हॅलो'. ते त्याने दाखवून पाहिलं, पण कोणाला नको होतं.

ह्या मॅथ्यूचा चेहरा त्याला सुचला तो एका फोटोवरून. रणगाड्यावर अडकवलेलं एक मुंडकं. रिग्जच्या समजुतीप्रमाणे तो फोटो व्हिएतनामचा होता. प्रत्यक्षात तो दुसऱ्या महायुद्धातला, पॅसिफिक महासागरातल्या ग्वाडलकनाल बेटावरचा. राल्फ मोर्स ह्या फोटोग्राफरने काढलेला आणि 'लाइफ' मासिकात १९४३ च्या फेब्रुवारीत छापलेला. जळालेल्या रणगाड्यावर अमेरिकन सैनिकांनी एका जपानी सैनिकाची कवटी लावून ठेवलेली. फोटोखाली एवढंच, जपानी सैनिक. नाव नाही.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा जरा थांबलोच. कारण एडी हे आपल्या दृष्टीने कार्टून आहे हो. कॉलेजच्या बॅगेवर, बुलेटच्या टाकीवर, कॉफीच्या मगवर कुठेही चिकटवायचं. आणि त्याच्या मुळाशी एक खराखुरा मेलेला माणूस आहे, विशी-पंचविशीतलाही असेल. रिग्जने काही त्याचा फोटो उतरवून काढला नव्हता. फोटो बघितला होता, तो डोक्यात राहिला, आणि लंडनच्या गल्लीत वेगळाच होऊन उगवला. चित्रकारांचं असंच चालतं, ह्यात त्याला दोष द्यायचं कारण नाही. पण 'एडी कोणाचा?' ह्या प्रश्नाचं उत्तर शोधायला लागलात तर अगदी तळाशी हा निनावी माणूस सापडतो, एवढं खरं. असो.

तर १९७९ मध्ये आयर्न मेडनला रेकॉर्ड कंपनीचा करार मिळाला आणि मॅनेजर रॉड स्मॉलवूड कव्हरसाठी चित्रकार शोधायला लागला. रिग्जने एका जॅझ वादकासाठी केलेलं पोस्टर त्याच्या नजरेस पडलं, त्याने रिग्जला चित्रं घेऊन बोलावलं, आणि त्या गठ्ठ्यात निघाला मॅथ्यू. स्मॉलवूड आणि बँड एकदम खूश! फक्त एक बदल हवा होता. केस लांब करा, नाहीतर लोक आम्हाला पंकवाले समजतील. म्हणजे बघा, एडीच्या आयुष्यातली पहिली घटना काय, तर क्लायंटची चेंज रिक्वेस्ट :-)

रिग्जने केस वाढवले. मॅथ्यूचा एडी झाला. १४ एप्रिल १९८० ला 'आयर्न मेडन' ह्याच नावाचा पहिला अल्बम आला आणि इंग्लंडच्या यादीत चौथ्या नंबरावर गेला. त्याआधी फेब्रुवारीत 'रनिंग फ्री' हे सिंगल आलं होतं (सिंगल म्हणजे एक-दोन गाण्यांची छोटी रेकॉर्ड, अल्बमच्या आधी वातावरण तापवायला काढतात तशी). त्याच्या कव्हरवर एडी आहे, पण चेहरा मुद्दाम अंधारात ठेवलेला. खरा चेहरा अल्बमवरच दिसला पाहिजे! टीझर वगैरे आपण आज म्हणतो ते हेच की.

त्यानंतर मात्र कामाचा नुसता पाऊस. पहिल्या दोनेक वर्षांतली कव्हरं बघितली तर कळतं की चित्रकार, मॅनेजर आणि बँड तिघेही मजेत होते. 'सँक्च्युअरी' ह्या सिंगलच्या कव्हरवर एडीने चक्क मार्गारेट थॅचरबाईंचा सुऱ्याने मुडदा पाडलेला आहे. का, तर त्यांनी भिंतीवरचं आयर्न मेडनचं पोस्टर फाडलं म्हणून. बाई तेव्हा पंतप्रधानपदावर नुकतीच वर्षभर बसलेली. इंग्लंडमध्ये ते कव्हर आलं तेव्हा बाईंच्या डोळ्यांवर काळी पट्टी मारलेली होती, आणि पट्टीमुळे व्हायची ती चर्चा अजूनच झाली. पुढच्या 'विमेन इन युनिफॉर्म'च्या कव्हरवर बाई कोपऱ्यात मशीनगन घेऊन एडीची वाट बघत उभ्या आहेत. म्हणजे कव्हरांची मालिका! एक घेतलं की पुढे काय झालं ह्यासाठी दुसरं घ्यायचं.

१९८१ ची 'मेडन जपान' रेकॉर्ड तर अजून गमतीची. त्याच्या पहिल्या कव्हरवर एडीच्या हातात बँडचा गायक पॉल डी'आनो ह्याचं कापलेलं मुंडकं होतं. आणि नेमकं त्याच वेळी बँडमध्ये गायक बदलायचा विचार चाललेला! स्मॉलवूडने घाईघाईने चित्र बदलायला लावलं. पण तोपर्यंत मूळ कव्हर व्हेनेझुएलात छापून बाहेर पडलं होतं. संग्राहक लोक आजही त्या प्रती शोधत फिरतात. (प्रॉडक्शनला चुकीचा बिल्ड गेला की काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको.)

डी'आनो गेला, ब्रूस डिकिन्सन आला, आणि १९८२ च्या मार्चमध्ये आला 'द नंबर ऑफ द बीस्ट'. हे चित्र खरं तर 'पर्गेटरी' नावाच्या एका साध्या सिंगलसाठी काढलेलं होतं. स्मॉलवूडने बघितलं आणि सिंगलवर वाया घालवायला नकार दिला, ते अल्बमसाठी राखून ठेवलं, आणि सिंगलसाठी रिग्जला दुसरं काढायला लावलं. चित्रात काय आहे? खाली आगीचे लोळ आणि नरकातली माणसं. मधे सैतान, त्याच्या हातात दोऱ्या, दोऱ्यांना लटकलेला चिमुकला एडी. आणि सैतानाच्या मागे आभाळाएवढा एडी, त्याच्या हातात सैतानाच्या दोऱ्या. आता सांगा, कोण कोणाला नाचवतंय? रिग्जला ही कल्पना सुचली ती लहानपणी वाचलेल्या डॉक्टर स्ट्रेंजच्या कॉमिकवरून, त्यात असाच एक खलनायक एकाला दोऱ्यांवर नाचवत असतो.

अमेरिकेतल्या काही धार्मिक मंडळींना हा विनोद अजिबात कळला नाही. सैतानाची पूजा करणारी बँड म्हणून निदर्शनं झाली, रेकॉर्डी जाळल्या गेल्या. काही ठिकाणी तर जाळल्यावर होणारा धूर नाकात जाईल ह्या भीतीने हातोड्याने फोडल्या! एवढी फुकटची जाहिरात कोणाला मिळते? आणि एक तपशील खास आपल्या जमातीसाठी. ह्या कव्हरवरचं आकाश रिग्जने गडद काळपट रंगवलं होतं, छपाईत ते निळं झालं. लाखो प्रती गेल्या, लोकांना निळ्या आकाशाची सवय झाली, आणि चूक दुरुस्त झाली १९९८ च्या नव्या आवृत्तीत. सोळा वर्षं उघडा राहिलेला बग.

इथपर्यंत सगळं छान छान. पण आता रिग्जच्या जागी बसून बघा. दरवर्षी एक अल्बम, दोन-तीन सिंगल्स, टूर, आणि प्रत्येक वेळी चित्रात एडी हवाच. कथा चालू ठेवायची म्हणून त्याने एडीवर झालेले घाव जपले. १९८३ च्या 'पीस ऑफ माइंड'वर एडी वेड्यांच्या इस्पितळात साखळदंडात आहे, मेंदूची शस्त्रक्रिया झालेली, डोकं बोल्ट मारून बंद केलेलं. तो बोल्ट पुढच्या चित्रांतही दिसतो. १९८६ ला यांत्रिक डोळा आला तर १९८८ च्या चित्रातही तो आहे आणि १९८३ ची खूणही आहे. ह्याला म्हणतात बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी! पण पात्र तेच, चेहरा तोच, आणि हुकूम दुसऱ्याचा. मग चित्रकाराने स्वतःची हौस भागवायची कुठे?

तर पार्श्वभूमीत. एडी मधे उभा असतो, तो बँडचा. आजूबाजूचा सगळा पसारा रिग्जचा. मला विचाराल तर ह्या माणसाचं खरं आयुष्य त्या कोपऱ्यांत आहे.

१९८४ चं 'पॉवरस्लेव्ह' घ्या. प्रचंड इजिप्शियन मंदिर, एडी फॅरोच्या रूपात सिंहासनावर, पायऱ्यांवर चाललेली मुंगीएवढी माणसं. एकदम भव्य, गंभीर. आता नाक चित्राला टेकेल इतकं जवळ जा. दगडावर कोरलेल्या चित्रलिपीत कुठेतरी मिकी माउस लपलाय. एका जागी इंडियाना जोन्स १९४१ मध्ये इथे येऊन गेल्याची नोंद आहे, आपल्याकडे सिंहगडावर बदामात नावं कोरलेली असतात तशी. १९८५ च्या 'लाइव्ह आफ्टर डेथ'वर एडी विजेच्या लोळात थडग्यातून उठतोय, आणि खाली एक काळं मांजर निवांत बसलंय, डोक्यामागे संतांसारखं तेजोवलय घेऊन.

आणि मग १९८६ चं 'समव्हेअर इन टाइम'. हे म्हणजे रिग्जचं गौरीशंकर. बँडला 'ब्लेड रनर' सिनेमासारखं भविष्यातलं शहर हवं होतं. रिग्जने पुढून मागपर्यंत पसरलेलं एकच लांब चित्र काढलं, आणि त्याला सुमारे तीन महिने लागले. शहरभर दुकानांच्या पाट्या, आणि प्रत्येक पाटी म्हणजे एक विनोद. घड्याळात रात्रीचे ११:५८, कारण बँडचं 'टू मिनिट्स टू मिडनाइट' नावाचं गाणं आहे. एका बारचं नाव 'एसेस हाय'. बँड सुरुवातीला जिथे वाजवायची तो 'रस्किन आर्म्स' पबही तिथेच. फिलिप डिकच्या नावाचं थिएटर, आयझॅक असिमॉव्हच्या 'फाउंडेशन'ची पाटी. स्टीव्ह हॅरिस वेस्ट हॅम फुटबॉल क्लबचा भक्त, म्हणून स्कोअरबोर्डवर वेस्ट हॅम ७, आर्सेनल ३. (हे भविष्यातच शक्य आहे असं आर्सेनलवाले म्हणतात.) आकाशातून पंख जळालेला इकॅरस पडतोय. कुठे बॅटमन उभा, कुठे मागच्या अल्बममधले पिरॅमिड. आणि एडीच्या पायामागे उलट्या अक्षरांत, आरशात धरलं तरच वाचता येईल असं, चित्रकाराने लिहून ठेवलंय की हे चित्र भलतंच कंटाळवाणं आहे!

तीन महिने एका चित्राला घासणाऱ्या माणसाने त्याच चित्रात हे लिहावं. मला ते वाक्य अतिशय आवडतं. डेडलाइनच्या आदल्या रात्री आपण कोडमध्ये कॉमेंट टाकतो ना, तसं आहे ते.

ही तुलना मी उगाच करत नाहीये. एडीचं पहिलं चित्र आलं त्याच १९८० मध्ये अटारी कंपनीचा 'ॲडव्हेंचर' हा व्हिडिओ गेम बाजारात आला. अटारीचं धोरण असं होतं की गेम बनवणाऱ्याचं नाव कुठेही द्यायचं नाही. वॉरन रॉबिनेट ह्या प्रोग्रामरने मग गेममध्ये एक गुप्त खोली केली. एक बारीकसा ठिपका शोधून योग्य जागी नेलात तरच ती उघडायची, आणि आत भिंतीवर लिहिलेलं, हा खेळ वॉरन रॉबिनेटने बनवला. आपण ज्याला ईस्टर एग म्हणतो त्याचं हे सगळ्यात गाजलेलं सुरुवातीचं उदाहरण. रिग्ज आणि रॉबिनेट ह्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. पण दुखणं एकच. काम आपण करायचं, माल दुसऱ्याचा, नाव तिसऱ्याचं. आपण लिहिलेला कोड कंपनीचा असतो हे आपण नोकरी धरतानाच सही करून मान्य केलेलं असतं, त्यामुळे तक्रार करायला जागा नाही हे मान्य. पण माणूस गुप्त खोली करतोच.

रिग्जची गुप्त खोली म्हणजे त्याची सही. तो सरळ नाव लिहीत नाही. नावाच्या आद्याक्षरांपासून केलेलं एक छोटंसं चिन्ह आहे, ते तो प्रत्येक चित्रात कुठे ना कुठे दडवतो. कधी भिंतीवर, कधी एखाद्या वस्तूवर. पाकीट हातात घेऊन बसणारी ती पोरं आठवा. त्यांचा खेळच होता तो, गाणं संपायच्या आत चिन्ह शोधायचं. नाव माहीत नसलं तरी त्याची सही हजारो पोरांना ओळखता येत होती.

१९८८ च्या 'सेव्हन्थ सन ऑफ अ सेव्हन्थ सन'साठी त्याला बहुधा सगळ्यात सुखाची ऑर्डर मिळाली. भविष्य बघण्याबद्दलचा अल्बम आहे, तुझ्या त्या स्वप्नासारख्या विचित्र चित्रांपैकी एखादं काढ, बस्स. अशी एका ओळीची रिक्वायरमेंट मिळायला पुण्य लागतं! त्याने काय केलं? बर्फाळ समुद्र, ध्रुवावरचा थंड निळा उजेड, आणि अधांतरी तरंगणारा एडी. कमरेखाली काहीच नाही. डोक्यावर ज्वाळा, हातात गर्भ. खालच्या बर्फात गोठलेली माणसं आहेत, ती दान्तेच्या नरकासाठी गुस्ताव डोरेने काढलेल्या चित्रांवरून सुचलेली. आणि एडीला कंबर-पाय का नाहीत? आख्खा एडी परत रंगवायचा कंटाळा आला होता म्हणून, असं रिग्जनेच नंतर सांगितलंय. कंटाळ्यातून इतकं सुंदर काही निघत असेल तर कंटाळ्याला नावं ठेवायला नकोत. माझ्या मते हे त्याचं सर्वोत्तम चित्र. 'समव्हेअर इन टाइम'वाले भांडायला येतील, येऊ देत.

पण कंटाळा खरा होता. १९९० च्या 'नो प्रेयर फॉर द डाइंग'वर एडी पुन्हा थडगं फोडून वर येतोय आणि एका थडगं खणणाऱ्याची मानगूट पकडतोय. पाच वर्षांपूर्वीचीच कल्पना, जरा वेगळी करून. स्मॉलवूडला तो खणणारा काही रुचला नव्हता, आणि १९९८ च्या आवृत्तीतून तो गायबच झाला. १९९२ ला 'फिअर ऑफ द डार्क' आला तेव्हा बँडला नव्या दशकासाठी नवा एडी हवा होता. दुसऱ्या चित्रकारांकडूनही चित्रं मागवली, आणि निवडलं गेलं ते मेल्विन ग्रँटचं, झाडातून उगवलेला एडी. चित्र चांगलंच आहे, खोटं कशाला बोला. पण एडी दुसऱ्याच्या हातून निघू शकतो हे त्या दिवशी सिद्ध झालं. पात्र बँडचं असतं म्हणजे नक्की काय असतं, ते असं.

नंतर रिग्जने दुसऱ्या बँडसाठी कव्हरं केली. जर्मनीच्या गॅमा रेचं 'पॉवर प्लांट' (१९९९), फिनलंडच्या स्ट्रॅटोव्हेरियसचं 'इन्फिनिट' (२०००). ब्रश सोडून कॉम्प्युटरवर रंगवायला लागला. पण माझ्या दृष्टीने ह्या काळातलं सगळ्यात बोलकं काम १९९७ चं आहे. ब्रूस डिकिन्सन १९९३ मध्ये आयर्न मेडन सोडून गेला होता आणि स्वतःचे अल्बम काढत होता. 'ॲक्सिडेंट ऑफ बर्थ' ह्या अल्बमसाठी त्याने रिग्जला गाठलं. एडी तर वापरता येणार नव्हता. मग दोघांनी मिळून एक दुष्ट हसणारं बाहुलं आणलं, माणसाच्या पोटातून बाहेर येणारं, आणि त्याचं नाव ठेवलं एडिसन. एड-इ-सन, म्हणजे एडचा पोरगा! बँडबाहेर पडलेला गायक आणि बँडबाहेर पडलेला चित्रकार, दोघांनी बसून एडीला वारस काढला.

डिकिन्सन १९९९ मध्ये बँडमध्ये परत गेला. रिग्जलाही २००० च्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'साठी बोलावणं आलं. पण त्याच्या चित्रातला फक्त वरचा भाग घेतला, वादळी ढगांत उमटलेला एडीचा चेहरा. खालचं भविष्यातलं लंडन स्टीव्ह स्टोनने कॉम्प्युटरवर केलेलं. आणि इथे मला खरंच वाईट वाटतं, कारण वाटणी नेमकी उलटी झाली. एडीचा चेहरा तेवढा रिग्जकडून घेतला आणि शहर, गल्ल्या, पाट्या, जिथे तो रमायचा ती सगळी जागा दुसऱ्याला दिली. एडी काढून काढून आणि सारखे बदल करून करून आपण कंटाळलो होतो, हे त्याने नंतर मुलाखतींत स्पष्टच सांगितलंय.

एडीला मात्र काही फरक पडला नाही. १ फेब्रुवारी २००८ ला मुंबईत बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्समध्ये आयर्न मेडनचा कार्यक्रम झाला, त्यांच्या जगाच्या टूरचा पहिलाच. मी तेव्हा शाळेत होतो, त्यामुळे हे सगळं नंतर 'फ्लाइट ६६६' ह्या माहितीपटात पाहिलेलं. बोइंग ७५७ विमान, चालवणारा स्वतः डिकिन्सन, आणि शेपटीवर एडी. स्टेजवर आख्खं इजिप्त उभं केलेलं, म्हणजे रिग्जने १९८४ मध्ये रंगवलेलं 'पॉवरस्लेव्ह'चं मंदिर, आता लाकडा-कापडाचं. नाशिक, पुणे, कोल्हापूर कुठून कुठून आलेली पोरं त्या चित्राच्या आत उभं राहावं तशी समोर उभी. पुढे २०१३ ला रॉबिन्सन्स ब्रुअरीने 'ट्रूपर' बिअर काढली, बाटलीवर रिग्जचाच १९८३ चा लाल कोटातला एडी. २०१६ ला मोबाईल गेम आला. २०२३ च्या जानेवारीत तर ब्रिटिश टपाल सेवेने आयर्न मेडनवर बारा तिकिटं काढली, त्यातली चार नुसत्या एडीची. ज्याने एकेकाळी पंतप्रधानांचा मुडदा पाडला तो आता टपालाच्या पाकिटांवर!

रिग्जचं काम एकत्र बघायचं असेल तर २००६ मध्ये मार्टिन पोपॉफबरोबर केलेलं 'रन फॉर कव्हर' हे त्याच्या चित्रांचं पुस्तक आहे, मिळालं तर सोडू नका. ते नाही मिळालं तर निदान 'समव्हेअर इन टाइम'चं पूर्ण, मागच्या-पुढच्या भागासकट असलेलं मोठं चित्र उघडा. फोनवर नको, मॉनिटरवर. अल्बम लावा, साधारण एकावन्न मिनिटांचा आहे. एडीकडे बघू नका, त्याला पुष्कळ बघून झालंय. ते चिन्ह कुठे आहे हे मी सांगणार नाही. सापडलं की कळवा.